रग्बीत राष्ट्रीय संघ बदलण्याची वाट: पात्रता तपासण्यापासून मंजुरीपर्यंत

जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला जीन क्लेन हा धिप्पाड लॉक (दुसऱ्या फळीतील उंच खेळाडू) २०१६ मध्ये आयर्लंडमधील मन्स्टर संघात दाखल झाला. तेथील वास्तव्याच्या आधारे २०१९ मध्ये त्याची आयर्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड झाली, त्या वर्षीच्या विश्वचषकासह तो पाच आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि त्यानंतर निवडकर्त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली होती, कारण एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाची दारे जवळजवळ बंदच असत. प्रत्यक्षात जुलै २०२३ मध्ये तो आपल्या जन्मभूमीच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या, संघातून मैदानात उतरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला विश्वविजेत्या संघाचा घटक ठरला.

'वर्ल्ड रग्बी' या जागतिक संघटनेच्या परिषदेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे हे शक्य झाले. एका देशाकडून खेळलेला खेळाडू तीन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहिला आणि दुसऱ्या देशावर त्याचा जन्माने किंवा आईवडील-आजीआजोबांच्या जन्माने हक्क पोचत असला, तर वर्ल्ड रग्बीच्या मंजुरीने त्याला आयुष्यात एकदाच त्या देशाकडे जाता येते, असा या दुरुस्तीचा आशय आहे. वाक्य सरळ असले तरी त्यातील प्रत्येक शब्दावर एकेक वाद होऊन गेलेला आहे. पुढील मांडणी संघ बदलू पाहणारा खेळाडू, त्याचे पालक आणि लहान संघटनांचे पदाधिकारी यांना समोर ठेवून केली आहे. मूळ तरतुदी वर्ल्ड रग्बीच्या आठव्या क्रमांकाच्या नियमात आहेत. त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असल्यामुळे त्याची चालू आवृत्ती हाताशी ठेवूनच निर्णय घ्यावा.

नियमाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. २००० सालापूर्वी देश बदलणे बरेच सैल होते. फ्रँक बन्स १९९१ चा विश्वचषक पश्चिम सामोआकडून खेळला आणि पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या संघात दिसला. उलट दिशेने, १९९१ मध्ये न्यूझीलंडकडून खेळलेला वायंगा तुइगामाला १९९९ च्या विश्वचषकात सामोआकडून उतरला. २००० पासून 'एक खेळाडू, एक देश' हे तत्त्व कडकपणे लागू झाले आणि त्याचा सर्वांत मोठा फटका पॅसिफिकमधील बेटांना बसला. ऑकलंड किंवा सिडनीत वाढलेली टोंगन आणि सामोअन घरांतील मुले मोठ्या संघांकडून दोन-चार सामने खेळत, नंतर वगळली जात आणि ज्या देशाला त्यांची खरी गरज होती त्याच्याकडूनही त्यांना खेळता येत नसे. २०२१ ची दुरुस्ती मुख्यतः या अन्यायावरचा उपाय होती. ती वीस वर्षे उशिरा आली, असेच म्हणावे लागेल.

आधी स्वतःची स्थिती तपासावी

संघ बदलण्याचा अर्ज करण्यापूर्वी खेळाडूने पहिला प्रश्न विचारावा, तो असा: आपण सध्याच्या देशाशी नियमाच्या अर्थाने बांधले गेलो आहोत का, म्हणजे मंजुरीशिवाय दुसऱ्या देशाकडून खेळता येणार नाही असे आपण झालो आहोत का? अनेक खेळाडू बांधले गेलेले नसतात आणि तरीही तीन वर्षे वाट पाहत बसतात. काही बांधले गेलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे.

खेळाडूला बांधणारे संघ तीन आहेत. पहिला म्हणजे देशाचा पंधरा जणांचा मुख्य संघ. दुसरा म्हणजे त्याच्या खालोखालचा, त्या देशाच्या संघटनेने वर्ल्ड रग्बीकडे अधिकृतपणे नोंदवलेला पंधरा जणांचा दुय्यम संघ. मात्र तो दुसऱ्या देशाच्या मुख्य किंवा नोंदवलेल्या दुय्यम संघाविरुद्ध खेळलेला असला पाहिजे. तिसरा म्हणजे सात जणांचा, म्हणजे सेव्हन्सचा, वरिष्ठ राष्ट्रीय संघ. क्लब, प्रांत, राज्य किंवा फ्रँचायझी यांच्याकडून कितीही सामने खेळले तरी खेळाडू बांधला जात नाही. राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळणे किंवा जून २०२५ मध्ये अंधेरीला झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमधील एखाद्या संघाकडून खेळणे याने पात्रतेवर काहीही परिणाम होत नाही. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स किंवा बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संयुक्त संघांकडून खेळणेही बांधून घेणारे नाही, कारण ते कोणत्याही एका देशाच्या संघटनेचे राष्ट्रीय संघ नाहीत.

दुय्यम संघाची बाब वाटते तितकी साधी नाही. कोणता संघ दुय्यम म्हणून नोंदवायचा हे त्या त्या देशाची संघटना ठरवते, आणि एके काळी काही देश आपला वीस वर्षांखालील संघच दुय्यम म्हणून नोंदवीत असत. स्टीव्हन शिंगलर हा खेळाडू २०११ मध्ये वेल्सच्या वीस वर्षांखालील संघाकडून फ्रान्सच्या त्याच गटातील संघाविरुद्ध खेळला. त्या वेळी दोन्ही देशांचे हे संघ दुय्यम म्हणून नोंदवलेले होते. २०१२ च्या सुरुवातीला स्कॉटलंडने त्याला आपल्या चमूत निवडले, तेव्हा प्रकरण जागतिक संघटनेपुढे गेले आणि तो वेल्सशी बांधलेला असल्याचा निर्णय लागला. १ जानेवारी २०१८ पासून वीस वर्षांखालील संघ दुय्यम म्हणून नोंदवण्यास मनाई झाली, त्यामुळे आजच्या युवा खेळाडूंना ही भीती उरलेली नाही. त्यापूर्वी वेल्स किंवा फ्रान्सच्या युवा संघांतून खेळलेल्या प्रत्येकाने मात्र आपल्या सामन्यांची यादी काढून, प्रत्येक सामन्याच्या दिवशी दोन्ही संघांचा दर्जा काय होता, हे तपासून घ्यावे.

सेव्हन्सच्या बाबतीत वयाची अट आहे. १ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार वरिष्ठ सेव्हन्स संघाकडून खेळताना खेळाडूने वयाची वीस वर्षे पूर्ण केलेली असतील तरच तो बांधला जातो. ऑलिंपिक आणि सेव्हन्सचा विश्वचषक या दोन स्पर्धांना मात्र कायद्याने सज्ञान असणे पुरेसे आहे. एकोणिसाव्या वर्षी एखाद्या आशियाई सेव्हन्स स्पर्धेत खेळलेली मुलगी मोकळी राहू शकते आणि तीच मुलगी विसाव्या वाढदिवसानंतर त्याच संघातून पुन्हा खेळली की बांधली जाते. भारतात आंतरराष्ट्रीय रग्बी प्रामुख्याने सेव्हन्सच्याच रूपात खेळली जाते, म्हणून परदेशात वाढलेल्या आणि भारताच्या शिबिराला येऊ पाहणाऱ्या तरुणांनी हा मुद्दा विमानाचे तिकीट काढण्याआधी समजून घ्यावा.

सामन्याच्या चमूत नाव होते पण प्रत्यक्ष मैदानात उतरलो नाही, अशा परिस्थितीत खेळाडूने स्वतःच निष्कर्ष काढू नये. त्या सामन्याची अधिकृत चमूयादी जोडून आपल्या संघटनेमार्फत लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत आपण बांधलेलो आहोत असेच गृहीत धरून चालावे.

नव्या देशावर हक्क कशाने पोचतो

पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय रग्बी खेळणाऱ्या खेळाडूला देशाची पात्रता चार मार्गांनी मिळते: त्या देशात स्वतःचा जन्म, आई किंवा वडिलांपैकी एकाचा जन्म, चार आजीआजोबांपैकी एकाचा जन्म, किंवा वास्तव्य. वास्तव्याचेही दोन प्रकार आहेत. एक म्हणजे खेळण्याच्या लगतपूर्वीचे सलग ६० महिने (अलीकडच्या दुरुस्तीनंतर यासाठी वास्तव्याऐवजी त्या देशाच्या संघटनेकडील सलग नोंदणी पाहिली जाते), आणि दुसरा म्हणजे आयुष्यभरात तुकड्यातुकड्यांनी मिळून झालेली दहा वर्षे. सलग वास्तव्याची अट पूर्वी ३६ महिन्यांची होती. बंडी आकी २०१७ मध्ये आयर्लंडकडून आणि डुहान व्हान डर मर्व्ह २०२० मध्ये स्कॉटलंडकडून खेळला तो त्याच जुन्या अटीच्या आधारे. मे २०१७ मध्ये क्योटो येथे झालेल्या बैठकीत ही मुदत वाढवून ६० महिने करण्याचे ठरले.

एकदा बांधल्या गेलेल्या खेळाडूला देश बदलण्यासाठी मात्र यांपैकी पहिले तीनच मार्ग उपलब्ध आहेत. वास्तव्याचा आधार बदलासाठी चालत नाही, आणि सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आढळतात. फिजीकडून एक सामना खेळलेला खेळाडू पुढे बारा वर्षे फ्रान्समध्ये राहिला, तेथे त्याने घर घेतले, मुले शाळेत घातली आणि नागरिकत्वही मिळवले, तरी त्याचा किंवा त्याच्या पूर्वजांपैकी कोणाचा जन्म फ्रान्समध्ये झालेला नसेल तर तो फ्रान्सकडे जाऊ शकत नाही. क्लेनचे उदाहरण उलट दिशेचे आहे: आयर्लंडची पात्रता त्याला वास्तव्याने मिळाली होती, आणि परत जाण्याचा हक्क जन्माने मिळाला. सिडनीत जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला जॅक डेम्प्सी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या संघात आला तो आजोबांच्या नात्याने.

पारपत्र किंवा नागरिकत्व यांचा या नियमात उल्लेख नाही, हेही येथेच लक्षात घ्यावे. रग्बीचा नियम जन्मस्थळ विचारतो. गोव्यातील अनेक कुटुंबांनी लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पारपत्र घेतलेले आहे. त्या पारपत्रावर युरोपात राहता येते, काम करता येते, परंतु केवळ ते दाखवून पोर्तुगालच्या रग्बी संघावर हक्क सांगता येत नाही. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात झाला असेल तर तो कोणत्या देशातील जन्म मानायचा, या प्रश्नाचे उत्तर घरच्या घरी देऊ नये. त्यासाठी वर्ल्ड रग्बीचा लेखी निर्णयच मागवावा लागेल. फाळणीपूर्वी कराचीत जन्मलेल्या आजीच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे.

छत्तीस महिन्यांची गणना

गणना शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तारखेपासून सुरू होते. निवड झाली नाही तो दिवस, संघटनेला निवृत्तीचे पत्र दिले तो दिवस किंवा नव्या देशात राहायला गेला तो दिवस, यांपैकी एकालाही येथे महत्त्व नाही. शेवटचा सामना १२ नोव्हेंबर २०२२ रोजी झाला असेल तर मुदत १२ नोव्हेंबर २०२५ रोजी पूर्ण होते. सामना पंधरा जणांचा असो की सेव्हन्सचा, बांधून घेणाऱ्या संघाचा असला की त्या तारखेपासून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तीस महिने थांबून, जुन्या देशाच्या सेव्हन्स संघात खेळाडू कमी पडला म्हणून एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेला मदतीला जाणे, याइतका महागात पडणारा उपकार दुसरा नाही.

या काळात क्लबचे सामने खेळण्यास कोणतीही आडकाठी नसते. इस्राएल फोलाऊ ऑस्ट्रेलियाकडून शेवटचा सामना नोव्हेंबर २०१८ मध्ये खेळला. त्यानंतर तो फ्रान्समधील रग्बी लीग (तेरा जणांच्या, वेगळ्या नियमांच्या रग्बीच्या) संघात आणि पुढे जपानमधील क्लबमध्ये खेळत राहिला आणि जुलै २०२२ मध्ये टोंगाकडून आंतरराष्ट्रीय मैदानावर परतला. त्याच सुमारास न्यूझीलंडचे माजी खेळाडू चार्ल्स पिउटाऊ आणि मालाकाई फेकिटोआ हेही टोंगाच्या संघात आले. २०२३ च्या विश्वचषकात सामोआच्या चमूत न्यूझीलंडचा लिमा सोपोआगा आणि ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन लेआलिइफानो हे दोघे होते, आणि त्या सामोआला इंग्लंडने जेमतेम एका गुणाने, १८-१७ असे, हरवले. नियम बदलल्याने काय फरक पडला हे गुणफलकाने सांगितले.

व्यावहारिक सूचना अशी की, खेळाडूने आपल्या सर्व आंतरराष्ट्रीय सामन्यांचा एक तक्ता करावा. त्यात तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, स्पर्धेचे नाव, आपला संघ कोणत्या दर्जाचा होता, त्या दिवशी आपले पूर्ण वय किती होते आणि आपण मैदानात उतरलो की नाही, एवढे रकाने असावेत. स्मरणावर विसंबू नये. स्पर्धेच्या अधिकृत नोंदी आणि जुन्या संघटनेचे पत्र यांवरून प्रत्येक ओळ पडताळून घ्यावी.

आजीआजोबांचा जन्म सिद्ध करणे

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ कागदपत्रांना लागतो, आणि सर्वाधिक नाचक्कीही त्यांच्यामुळेच झालेली आहे. २००० साली वेल्सचा शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सन या दोघांचे आजोबा वेल्समध्ये जन्मले होते, हा दावा टिकला नाही. हॉवर्थ त्याआधी न्यूझीलंडकडून चार सामने खेळलेला होता. त्याच सुमारास स्कॉटलंडच्या डेव्ह हिल्टनच्या बाबतीत असे उघड झाले, की ज्या आजोबांच्या बळावर तो स्कॉटलंडकडून खेळत होता त्यांचा जन्म एडिंबरामध्ये नव्हे, तर इंग्लंडमधील ब्रिस्टलमध्ये झाला होता. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या प्रकरणाची भरपूर टिंगल केली. खेळाडूंनी घरात ऐकलेल्या माहितीवर विश्वास ठेवला आणि संघटनांनी मूळ दाखला पाहण्याची तसदी घेतली नाही, एवढ्यानेच हे सारे घडू शकते. 'आमचे आजोबा मूळचे तिकडचे' या वाक्याला पुराव्याचे मोल शून्य आहे.

म्हणून साखळी कागदावर उभी करावी. खेळाडूचा जन्मदाखला, त्यावर आईवडिलांची नावे. संबंधित पालकाचा जन्मदाखला, त्यावर आजीआजोबांची नावे. आणि शेवटी त्या आजी किंवा आजोबांचा जन्मस्थळ दाखवणारा दाखला. प्रत्येक दुवा पुढच्या दुव्याशी नावाने आणि तारखेने जुळला पाहिजे.

आजोबांचा जन्म महाराष्ट्रातील खेड्यात झाला असेल तर अडचणी ठरलेल्या आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या नोंदी गावोगावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, सापडतात आणि त्यांची नक्कल सामान्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळवावी लागते. जुनी पाने मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. नक्कल हाती आल्यावर पुष्कळदा असे दिसते, की नोंदीत बापाचे नाव आहे, जात आहे, तारीख आहे, 'मुलगा' असा शेरा आहे, पण त्या मुलाचे नावच नाही, कारण बारसे होण्यापूर्वीच नोंद झालेली असे. अशा वेळी आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला उपयोगी पडतो. त्यावर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ असते, आणि कोतवाल बुकातील तारीख व वडिलांचे नाव त्याच्याशी जुळले की दोन अपुऱ्या कागदांचा मिळून एक पुरेसा पुरावा तयार होतो. दोन्ही तारखा जुळत नसतील तर ही तफावत लपवू नये. शाळेत घालताना जून महिन्यातील तारीख सांगून मोकळे होण्याची जुनी पद्धत कुटुंबातील ज्येष्ठांच्या प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहून द्यावी.

आजीच्या बाबतीत आणखी एक गाठ सोडवावी लागते. तिची जन्मनोंद माहेरच्या नावाने असते, लग्नानंतर आडनावच काय, नावही बदललेले असते, आणि आईच्या जन्मदाखल्यावर असते ते सासरचे नाव. माहेरची आणि सासरची बाई एकच आहे हे दाखवणारा विवाहाचा दाखला, राजपत्रातील नावबदलाची सूचना किंवा निदान जुनी लग्नपत्रिका आणि नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र जोडल्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही. सर्व मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे आणि मागणी झाल्यास परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे प्रमाणीकरण, घेण्याची तयारी ठेवावी. तहसील, शाळा, भाषांतर आणि प्रमाणीकरण या चार ठिकाणच्या खेपांना काही महिने सहज लागतात. छत्तीस महिन्यांची सक्तीची विश्रांती या कामासाठी वापरणे शहाणपणाचे आहे.

अर्ज, मंजुरी आणि तोवरचा संयम

अर्ज खेळाडूने वैयक्तिकरीत्या पाठवून भागत नाही. ज्या देशाकडून खेळायचे आहे त्या देशाच्या संघटनेने तो वर्ल्ड रग्बीकडे न्यावा लागतो. म्हणून पहिले काम म्हणजे नव्या संघटनेशी संपर्क साधून ती आपल्यासाठी अर्ज करण्यास तयार आहे का, हे विचारणे. निवडीची शाश्वती कोणीही देणार नाही आणि ती मागूही नये. परंतु संघटनेला रसच नसेल तर आपला एकमेव बदल वापरण्यात अर्थ नाही. त्यानंतर सामन्यांचा तक्ता, जन्माची साखळी, जुन्या संघटनेकडून शेवटच्या सामन्याची पुष्टी करणारे पत्र आणि खेळाडूचे स्वाक्षरीत निवेदन असा संच संघटनेकडे द्यावा आणि त्याची एक पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवावी. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते. अटी पूर्ण झाल्या म्हणजे मंजुरी आपोआप मिळाली, असे समजून चालत नाही.

लेखी मंजुरी हाती येण्यापूर्वी नव्या देशाकडून एकही अधिकृत सामना खेळू नये. याबाबत स्पेनचा इतिहास प्रत्येक संघटनेच्या सचिवाने वाचावा. २०१९ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्पेनने माथ्यू बेली आणि बास्तियाँ फुस्टर या दोघांना खेळवले होते. दोघेही पूर्वी फ्रान्सच्या वीस वर्षांखालील संघाकडून खेळले होते आणि तो संघ तेव्हा फ्रान्सचा दुय्यम संघ होता. रोमानियाने खेळवलेला एक टोंगन खेळाडू पूर्वी टोंगाच्या सेव्हन्स संघातून खेळलेला निघाला. मे २०१८ मधील निर्णयात स्पेनचे ४०, तर रोमानिया आणि बेल्जियमचे प्रत्येकी ३० गुण कापले गेले आणि विश्वचषकाची जागा रशियाला मिळाली. चार वर्षांनी स्पेनचा घात पुन्हा झाला. या वेळी प्रश्न वास्तव्याचा होता: दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या एका प्रॉपच्या (पहिल्या फळीतील खेळाडूच्या) पारपत्राच्या प्रतीत फेरफार केल्याचे आढळले, तो नेदरलँड्सविरुद्ध दोन सामने खेळला होता, आणि त्यापायी एप्रिल २०२२ मध्ये स्पेनचे १० गुण कापले जाऊन २०२३ च्या विश्वचषकाची मिळालेली जागा रोमानियाकडे गेली. एकदोन खेळाडूंच्या कागदांची पडताळणी न केल्याने अख्ख्या संघाची चार-चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली, तीही लागोपाठ दोनदा.

यातून दोन कामे निघतात. संघटनेने क्लबकडून आलेल्या छायाप्रतींवर न थांबता मूळ पारपत्राचे प्रत्येक पान स्वतः पाहावे. खेळाडूने पूर्वीच्या एकाही सामन्याची माहिती, ती कितीही किरकोळ वाटली तरी, लपवू नये. बेली आणि फुस्टर यांचे सामने युवा गटाचेच होते.

मंजुरी मिळाल्यानंतर नव्या देशाकडून पहिला सामना खेळला की खेळाडू त्या देशाशी कायमचा जोडला जातो. पुन्हा परत जाण्याची किंवा तिसऱ्या देशाकडे वळण्याची तरतूद नाही. म्हणून ज्याचे दोन देशांवर हक्क पोचतात, उदाहरणार्थ वडील सामोआचे आणि आई टोंगाची, त्याने निवडकर्त्यांशी बोलूनच हा एकमेव बदल वापरावा.

जो खेळाडू अद्याप कोणाशीही बांधलेला नाही आणि वास्तव्याच्या आधारे पहिल्यांदा पात्र होऊ पाहतो, त्याला वरील अर्जाची गरज नाही. त्याला साठ महिन्यांचा हिशेब ठेवावा लागतो. वास्तव्य मोजले जात असताना त्या देशात त्याचे खरे, कायमचे घर असावे लागे आणि दर बारा महिन्यांतील सुमारे दहा महिने त्याला तेथे प्रत्यक्ष राहावे लागे; आता हिशेब संघटनेकडील सलग नोंदणीचा आहे. सुटीत मायदेशी जाऊन दोन महिन्यांऐवजी चार महिने राहिल्याने तेव्हा सलगता मोडू शकत असे. पारपत्रावरील शिक्के, विमानाची तिकिटे, भाडेकरार, पगाराच्या आणि कराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून तारीखवार लावून ठेवाव्यात. पाच वर्षांनी त्या गोळा करायला बसले तर निम्म्या सापडत नाहीत.

भारताकडून खेळू इच्छिणाऱ्यांसाठी

लंडन, ऑकलंड किंवा सिडनीत वाढलेल्या मराठी घरातील मुलामुलींना आजी-आजोबांच्या नात्याने वर्ल्ड रग्बीच्या दृष्टीने भारताची पात्रता मिळू शकते. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यापुढे दुसरे, अधिक अवघड दार आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार राष्ट्रीय संघातून भारताचे प्रतिनिधित्व करण्यासाठी भारतीय पारपत्र आवश्यक मानले गेले, त्यामुळे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओळखपत्र) पुरेसे ठरत नाही. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व सोडून भारतीय नागरिकत्व घ्यायचे तर ओसीआय म्हणून पाच वर्षांची नोंद आणि अर्जापूर्वी बारा महिन्यांचे भारतातील वास्तव्य हा एक मार्ग आहे. या धोरणात शिथिलता आणण्याची चर्चा अधूनमधून होते, म्हणून पाऊल उचलण्यापूर्वी रग्बी इंडिया या भारतीय संघटनेकडून त्या वेळची स्थिती लेखी जाणून घ्यावी.

ऑलिंपिकला तर सर्वच देशांच्या खेळाडूंना नागरिकत्वाची अट लागू होते, कारण ती ऑलिंपिक सनदेची अट आहे. त्यामुळे एखादा खेळाडू वर्ल्ड रग्बीच्या मंजुरीने टोंगाकडून विश्वचषक खेळू शकेल आणि त्याच वेळी टोंगाचे पारपत्र नसल्याने ऑलिंपिक सेव्हन्सला मुकेल, असे घडू शकते. २०२२ पूर्वी देश बदलण्याची जी अरुंद वाट होती ती नेमकी याच्या उलट, पारपत्रातून आणि ऑलिंपिकच्या सेव्हन्स पात्रता स्पर्धांतून जाणारी होती. न्यूझीलंडच्या सेव्हन्स संघातून खेळलेला टिम ननाई-विल्यम्स त्याच वाटेने सामोआकडे गेला आणि २०१५ चा विश्वचषक खेळला. सेव्हन्स हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट आहे त्यांनी दोन स्वतंत्र याद्या कराव्यात, एक जन्माच्या पुराव्यांची आणि दुसरी नागरिकत्वाच्या कागदांची, आणि दुसरीचे काम आधी सुरू करावे, कारण सरकारी मुदती खेळाडूच्या हातात नसतात.